परबबाईंनी जिंकलेलं पानिपत

आमच्या शेडमध्ये पानिपत मराठ्यांनी जिंकलं होतं. शाळेच्या पुस्तकात आणि उरलेल्या सगळ्या हिंदुस्थानात ते हरले होते हे आम्हांला ठाऊक होतं, निदान अर्ध्याजणींना तरी. पण शेडमध्ये परबबाई सांगतील तो इतिहास, आणि त्या दुपारी परबबाईंनी ठरवलं होतं की आज हरायचं नाही. गिरण्यांचा संप लांबला होता, आमच्यातल्या तिघींचे नवरे घरी बसले होते आणि सकाळपासून कोणी कोणाशी धड बोललं नव्हतं. तीनच्या चहाच्या आत शत्रूची फौज यमुनेत पडली. शैलाने आनंदाच्या भरात हातातली तार तोडली.

"जिंकून दिलंय," बाई पुस्तक मिटत म्हणाल्या. "आता उद्या प्रत्येकीने एक नग जास्त."

परबबाईंबद्दल चांगलं लिहावं असं मनात घेऊन मी दोनतीनदा बसले आहे. चार ओळी होतात आणि पुढे पेन चालत नाही. वाईटच लिहावं म्हटलं तर तेही पुरतं जमत नाही, कारण तीन वर्षं मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसले होते. तेव्हा जे झालं ते सांगते.

मुलुंडला पत्र्याच्या एका गाळ्यात बाराजणी कॉइल गुंडाळायच्या. एका हाताने यंत्राचा दांडा फिरवायचा, दुसऱ्या हाताच्या बोटांतून तांब्याची बारीक तार सोडायची, वेढा वेढ्यावर चढू द्यायचा नाही. मी टेबलाच्या टोकाला टेस्टिंगला होते; प्रत्येकीचा नग माझ्या हाताखालून जायचा. संध्याकाळी सुपरवायझर पडवळ येऊन प्रत्येकीचा ट्रे बघायचा. ट्रे भरला नाही की दोनदा ताकीद आणि तिसऱ्यांदा घरी.

ह्या कामात वाचनाची पद्धत परबबाईंनी आणली. त्या वाचणार, बाकीच्या ऐकणार, आणि वाचणारीचे नग ऐकणाऱ्यांनी भरून द्यायचे. पडवळने पहिल्यांदा आरडाओरडा केला. मग त्याच्या लक्षात आलं की बाई वाचायला लागल्या की एकही बाई गप्पा मारत नाही, की बाथरूमला जात नाही, आणि संध्याकाळी बाराच्या बारा ट्रे भरलेले असतात. त्याने डोळे झाकले. बाईंनी त्याचे उपकार लगेच फेडले. त्यानंतर प्रत्येक कादंबरीतला फितूर कारभारी पडवळच्या आवाजात बोलायला लागला, तोच घोगरा सूर, तेच वाक्याच्या शेवटी "काय?" पडवळ दारात उभा राहून ऐकायचा आणि म्हणायचा, "हा कारभारी भारी आहे हां." आम्ही खाली माना घालून पोट धरायचो.

दिसायला बाई ठेंगण्या, सडपातळ, पदर पिन लावून घट्ट बसवलेला. विधवा होत्या की टाकलेल्या, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. भांडुपला एका खोलीत एकट्या राहायच्या. स्टेशनाजवळच्या वाचनालयातून पुस्तक आणायच्या आणि त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घालायच्या. नाव कोणाला कळू द्यायचं नाही, कितवं पान चाललंय तेही नाही. आणायच्या ते फक्त ऐतिहासिक. एकदा कोणीतरी म्हणालं, बाई, एखादी घरातली गोष्ट आणा की. बाई म्हणाल्या, "सासू छळते, सून रडते. ते बघायला पुस्तक कशाला पाहिजे? घरी जा आणि बघ."

मला पुष्कळदा नवल वाटायचं. आमच्यापैकी घोड्यावर कोणी बसलेलं नव्हतं. शैला एकदा जुहूला बसली होती आणि पडली होती. गड म्हणून आम्ही पाहिला तो कॅलेंडरवर. तरी बाईंनी गडाचा दरवाजा लावून घेतला की बाराजणींचे श्वास अडकायचे. त्या पुस्तकांतली माणसं हरली तरी कशासाठी तरी हरत होती. आमच्या घरची हरलेली माणसं चाळीच्या जिन्यावर पत्ते कुटत होती.

आणि सगळ्यांत गोड काय असेल तर तो 'तर'. पत्र एक दिवस आधी पोचलं असतं तर. नदीला उतार मिळाला असता तर. बाई बोट घालून पुस्तक मिटायच्या आणि विचारायच्या, "पोचलं असतं तर काय झालं असतं? बोला." मग टेबलावर नवीनच राज्य उभं राहायचं. एक म्हणायची, दिल्ली आपली झाली असती. दुसरी म्हणायची, इंग्रज आलाच नसता आणि मग ह्या गिरण्याही नसत्या, मग आमचे हे गावीच राहिले असते आणि दारू शिकले नसते. राज्याचं निमित्त करून प्रत्येकजण स्वतःचंच बोलत होती. ते बाईंना पहिल्या दिवसापासून कळत असणार. कोण कुठल्या पात्राला जीव लावून बसली आहे हे त्यांच्या नेमकं ध्यानात राहायचं.

त्याचा उपयोग त्या कसा करायच्या ते शैलाने सोसलं. शैला एका कोवळ्या स्वारावर भाळली होती. पुस्तकात तो कधीमधी यायचा, निरोप द्यायचा, जायचा, पण शैला सकाळी आल्या आल्या विचारायची, "बाई, आज तो येणार ना?" एके दिवशी डबा खाताना ती बाईंच्या पातळ होत चाललेल्या केसांवर काहीतरी बोलली. चेष्टाच होती. दुपारी तो स्वार बुरुजावरून खाली पडला. नुसता पडला नाही. कसा पडला, कुठे आपटला, कुत्री कधी आली, हे बाईंनी अर्धा तास वाचलं. शैला हुंदके देत तार ओढत होती. दुसऱ्या दिवशी तिने डब्यातून तळलेली सुरमई आणली आणि बाईंच्या पुढ्यात ठेवली. बाईंनी काटे काढून शांतपणे खाल्ली. दुपारी कळलं की बुरुजावरून पडला तो दुसराच होता, अंधारात माणसांचा गोंधळ झाला. आम्ही इतक्या हसलो की पडवळ धावत आला. तेव्हा मजा वाटली. बाई कुत्र्यांचं वाचताना एकदाही अडखळल्या नव्हत्या, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

पानिपतचंही तसंच. शैलाची मुलगी चौथीत होती. शाळेतल्या बाईंनी वर्गात विचारल्यावर तिने छाती पुढे काढून सांगितलं की पानिपत आपण जिंकलो, माझी आई सांगते. हातावर पट्टी बसली. पोरगी ऐकेना, तिने पुन्हा तेच सांगितलं, पुन्हा बसली. शैला दुसऱ्या दिवशी रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाई, तुम्ही निदान सांगायचं तरी, की हे खोटं आहे." बाई म्हणाल्या, "तुला खरं पाहिजे होतं का त्या दिवशी? मागितलं असतंस तर दिलं असतं."

आता कुंदाचं.

कुंदा मालवणकडची, तिशीची, टेबलावर सगळ्यांत वेगवान हात तिचा. बाईंचे नग आम्ही सगळ्या भरायचो म्हटलं तरी खरं सांगायचं तर अर्धे एकटी कुंदा भरायची. सात वर्षांपूर्वी तिचा नवरा जहाजावर खलाशी म्हणून गेला. दोन पत्रं आली. मग बोटीच्या कचेरीतून कळलं की तो कुठल्याशा बंदरात उतरला आणि परत चढलाच नाही. मेला म्हणावं तर कागद नाही, जिवंत म्हणावं तर माणूस नाही. कुंदा भावाच्या संसारात एका कोपऱ्यात झोपायची आणि भावजयीचं ऐकून घ्यायची.

त्या वर्षी तिला मागणी आली. विक्रोळीच्या कारखान्यात कामाला असलेले चव्हाण म्हणून एक गृहस्थ, बायको वारलेली, पाच वर्षांची मुलगी. त्यांची बहीण कुंदाच्याच चाळीत राहायची. चव्हाण स्वतः येऊन बोलले होते. म्हणाले, सात वर्षं झाली, वकिलाला विचारून रीतसर करू, घाई नाही, तुळशीच्या लग्नापर्यंत सांगा. कुंदाने हे आम्हांला सांगितलं तेव्हा तिचे कान लाल झाले होते. चव्हाण बरे वाटले का म्हणून मी विचारलं तर त्यांच्या मुलीचंच बोलली, "चेडू माझ्या मांडयेर येवन बसला गो. आपसूक."

गावी असती तर तिने देवाला कौल लावला असता. कोकणात ही रीत आहे. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. देव काय सांगेल ते निमूट ऐकायचं. पण दिवाळीआधीच्या ऑर्डरी होत्या, पडवळने रजा नाकारली.

एका दुपारी डबा खाताना ती बाईंना म्हणाली, मी शेजारीच बसले होते, "बाई, माका गावाक जावक मिळना नाय. मी ह्या पुस्तकाकच कौल लायलंय."

तेव्हा चाललेल्या पुस्तकात एक सरदार उत्तरेच्या मोहिमेवर गेला होता. दीड वर्ष त्याची खबर नव्हती. मागे त्याची बायको रोज गढीच्या दरवाजात उभी राहायची. कुंदा ती पानं ऐकताना कधी वर बघायची नाही.

"म्हणजे काय करणार आहेस?" बाईंनी विचारलं.

"तो परत इलो तर मी माझ्या घोवाची वाट बघतलंय. नाय इलो तर चव्हाणांका होय म्हणान सांगतलंय. तुम्ही आधी काय एक सांगू नका माका."

मी हसले. कुंदा हसली नाही. बाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "बरं. नाही सांगत."

चार दिवसांनी तो भाग आला. बाईंनी अख्खी दुपार लावली. धूळ दिसली, मग टापा ऐकू आल्या, मग पहारेकऱ्याने हाळी दिली. बायको धावत दरवाजात आली. घोड्यावर कोणीतरी होतं, अंगावर फाटकी घोंगडी, दाढी वाढलेली. ती ओळखत नाही. तो खाली उतरतो आणि तिला तिच्या माहेरच्या नावाने हाक मारतो. आमच्या टेबलावर गलका झाला. मीही रडले, सांगायला लाज वाटते. कुंदा जागेवरून उठली, टेबलाला वळसा घालून गेली आणि बाईंच्या पाया पडली.

"असू दे गं," बाई म्हणाल्या. "जा, नग भर."

कुंदाने चव्हाणांना नाही म्हणून कळवलं. त्यांनी तरी आठ दिवस वाट पाहिली. तुळशीचं लग्न झाल्यावर त्यांचं लग्न झालं, पनवेलकडची मुलगी. कुंदा त्या दिवसापासून बाईंचे नग अर्ध्याहूनही जास्त भरायला लागली.

संक्रांतीनंतर मी वाचनालयात गेले. काय मागावं सुचेना म्हणून म्हटलं, परबबाई नेतात तसलं काहीतरी द्या. मालकाने फळीवरून एक जाडजूड पुस्तक काढलं. दोन रात्रींत मी त्या सरदारापर्यंत पोचले. दोनशे बाराव्या पानावर तो मरतो. परत येतो तो फक्त घोडा.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या पिंपाजवळ मी बाईंना गाठलं. म्हटलं, "बाई, तो मेला होता."

त्यांनी दचकल्यासारखंही केलं नाही. मागे कोणी नाही हे बघून त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "मिटून दाखव म्हणालीस तर मिटत नाहीत," त्या म्हणाल्या. बोटांची पेरं सुजून वाकडी झाली होती. रोज बघत होते ते हात, पण नेहमी त्यांत पुस्तक असायचं. "दोन वर्षं झाली, एक कॉइल मला धड गुंडाळता येत नाही. कुंदा लग्न करून विक्रोळीला गेली असती तर तिला नवऱ्याने कामावर येऊ दिलं असतं? माझे नग मग कोणी भरले असते? तू?"

मी पिंपातून पेला भरून घेतला.

"मग पुस्तक परत कर आणि गप्प बस."

मी गप्प बसले. दया आली म्हणून बसले असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत होते. खरी गोष्ट अशी की तेव्हा एका नवीन गडाला वेढा पडला होता, आत दाणा संपत आला होता, आणि पुढे काय होणार ते मला ऐकायचं होतं.

मे महिन्यात कुंदाला भांडुपच्या बाजारात चव्हाण दिसले, बायकोबरोबर. मुलगी नव्या आईचं बोट धरून चालली होती. कुंदाने आम्हांला डबा खाताना सांगितलं, हसत हसत. "चेडू बरा दिसता. गालार मांस इलाहा." मग तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि बराच वेळ हातातच धरून ठेवला.

त्या दुपारी बाईंच्या वाचनात एक दासी आली. आलेलं स्थळ सोडून बसलेली, आता दुसरीच्या मुलाकडे बघून उसासे टाकणारी. पुस्तकात ती असेल असं मला वाटत नाही. बाईंनी तिला मालवणी हेल दिला, कुंदाचा, हुबेहूब. "माझां चेडू गो, माझां चेडू." टेबल हसून लोळलं. कुंदाही हसली, तोंडावर पदर धरून, कारण सगळ्या हसत होत्या.

असं का केलं त्यांनी? गरज काय होती? कुंदा हातातून गेलेली नव्हती, नग भरले जात होते. मी खूप विचार केला आहे. मला वाटतं, हाताशी आलेला आवाज त्यांना सोडवला नाही, एवढंच.

चहाच्या सुट्टीत मी कुंदाला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. मी जानेवारीपासून गप्प होते हेही सांगितलं.

"कितव्या पानार?" तिने विचारलं.

"दोनशे बारा."

तिने कप विसळला, पालथा घातला आणि जागेवर जाऊन बसली. संध्याकाळी तिचा स्वतःचा ट्रे भरलेला होता. बाईंच्या ट्रेमध्ये तिचा एकही नग नव्हता.

पडवळने पहिली ताकीद दिली. दुसऱ्या दिवशी शेडभर कळलं. त्या दिवशी बाकीच्यांनी थोडे थोडे नग टाकले, तिसऱ्या दिवशी फक्त दोघींनी, आणि मग कोणीच नाही. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. प्रत्येकीचा कोणी ना कोणी बाईंनी कधीतरी मारलेला होता. शैला तर तिच्या मुलीचा सुजलेला हातही विसरलेली नव्हती.

बाई वाचत राहिल्या. मी त्यांना इतकं सुंदर वाचताना त्याआधी ऐकलं नव्हतं. त्या आठवड्यात त्यांनी कोणालाही मरू दिलं नाही. वेढे उठले, रसद पोचली, पत्रं वेळेवर गेली. तीन वर्षांत मेलेली माणसं विहिरीतून, तुरुंगातून, एक तर चितेवरून उठून परत आली. शैलाचा स्वार पुन्हा आला, आता सरदार होऊन. बाई मधेच थांबून टेबलावरून नजर फिरवायच्या. सगळ्यांच्या माना खाली आणि दांडे फिरत असायचे. एकदा त्यांनी पुस्तक बाजूला ठेवून स्वतः यंत्राला हात लावला. तार चारदा तुटली. शेजारणीने आपला ट्रे थोडा पलीकडे सरकवून घेतला.

दुसरी ताकीद मिळाली त्या दिवशी कुंदा बोलली. "बाई, त्या सरदाराचा पुस्तक परत आणा. आणि छापलेला आसा तसाच वाचा."

दुसऱ्या दिवशी बाईंनी ते आणलं. ह्या वेळी कव्हर घातलं नव्हतं. दोनशे बारावं पान उघडून त्या वाचायला लागल्या. कसली नक्कल नाही, चढउतार नाही. सरदार ओढ्याकाठी जखमी होऊन पडतो. दोन दिवस पडून असतो. पाणी पाणी करतो, पाणी चार हातांवर असतं. तिसऱ्या दिवशी मुडदे उचलणारी माणसं येतात, त्यांना तो कोण ते कळतही नाही, अंगावरचे कपडे कोणीतरी आधीच काढून नेलेले असतात. रिकामा घोडा गढीच्या दारात येऊन उभा राहतो, आणि बायको त्याच्या मानेवर हात ठेवते. इथे प्रकरण संपलं.

कुंदाचा दांडा एकदाही थांबला नव्हता. "तिचा फुडे काय झाला?" तिने विचारलं.

बाईंनी पान उलटलं. "पुढे दरबाराचं आहे. नवीन मोहिमेचं."

"ता नको माका. तिचा काय झाला?"

बाईंनी आणखी दोनतीन पानं उलटली. "तिचं नाही काही. पुढे तिचं नावच नाही गं."

"मगे तुमच्या मनान सांगा. तुमका येता मा."

एव्हाना आमचे सगळ्यांचे हात थांबले होते. चालू होता तो एकट्या कुंदाचा. बाईंनी तोंड उघडलं. तीन वर्षं ह्या बाईला शब्दासाठी थांबावं लागलेलं मी पाहिलं नव्हतं.

"नाही सुचत गं," त्या म्हणाल्या.

"मगे सोदा," कुंदा म्हणाली. "खय तरी आसतलीच ती. जित्या माणसाचा नाव असा कसा जायत?"

बाई शोधायला लागल्या. सुटीची घंटा झाली, पडवळ आला, त्याने सगळे ट्रे पाहिले, बाईंचा रिकामा ट्रे उचलून आपल्या काखेत मारला आणि म्हणाला, "परबबाई, उद्यापासून यायचं नाही, काय?" त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. कुंदाने आपल्या यंत्रावर फडकं टाकलं, डबा घेतला आणि त्यांच्या खुर्चीमागून निघून गेली. आम्हीही एकेक करून निघालो. दारातून मी मागे पाहिलं. पडवळ एकेक ट्यूब बंद करत त्यांच्या दिशेने येत होता, आणि परबबाई शेवटच्या पानाला पोचून पुन्हा पहिल्या पानापासून शोधायला लागल्या होत्या.